पाणबुडी मोटर

औशात, किल्ल्याकडच्या रस्त्याला
पत्र्याच्या दुकानावर माझी पाटी:
येथे सर्व प्रकारच्या पाणबुडी मोटरी
भरून मिळतील.

बिराजदार बाई इतिहास शिकवतात.
त्यांची मोटर माझ्याकडं जळून पडलेली,
म्हणून रोज चक्कर. एकदा बोलता बोलता
बडे दादांचं निघालं, मैनोद्दीनचं.
बाईंनी जहाजाचं नाव लिहून घेतलं
आणि पंधरा दिवसांनी जहाज नाही,
जहाज बुडवणारीच हुडकून आणली.
वहीची चार पानं.
तिला नाव नाही. एक अक्षर, पुढं तीन आकडे,
सर्व्हे नंबरासारखी.

सगळा जमाखर्च बाईंच्या वळणदार अक्षरात:
पाण्यात सोडली, मार्च एकेचाळीस.
मोहिमा सात. समुद्रावर दिवस दोनशे त्र्याण्णव.
बुडवलेली जहाजं नऊ,
वजन टनात, शेवटच्या आकड्यापर्यंत.
तिसऱ्या मोहिमेत, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
टॉर्पेडो दोन. एक चुकला.
मेले: चौतीस.
त्या चौतिसात कुठंतरी आमचा माणूस.

त्रेचाळीस साली घरी आले होते
एकशे ऐंशी कलदार.
हाली शिक्क्यात मोडताना सराफानं बट्टा कापला,
अब्बांना तेवढंच आठवायचं.
फोटो नव्हता. कबर कुठली.
तेव्हापासून आमच्या घरात
मराठीत काय अन् दखनीत काय,
दिवस बुडत नाही. मावळतो.
गिऱ्हाइकाकडं उधारी अडकते,
बुडाली असं अम्मी म्हणू देत नाही.

राग यावा म्हणून पानं घेऊन बसलो.
आला नाही लवकर.
तिसऱ्या पानावर लिहिलेलं,
वर असली की डिझेल, खाली गेली की वीज.
दोन मोटरी, बॅटऱ्यांची रांग.
मी तिथंच अडकलो.
कॉइलला ओल धरली तर काय करत असतील?
जळक्या वार्निशचा वास सुटला
तर खिडकी कुठली उघडतील?
तिथं एक जण असणारच,
नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारा,
पान्हा मांडीवर ठेवून झोपणारा.
त्याची बोटं मला माझ्या बोटांसारखी दिसली,
नखात तीच काळी रेघ,
आणि मग मात्र राग आला. स्वतःचा.

वर मैनोद्दीन भट्टीत कोळसा लोटतोय,
कमरेला ओलं फडकं.
खाली तो, मोटरीला कान लावून.
दोघांनाही समुद्र दिसत नव्हता.

चौथं पान अर्धंच.
सातवी मोहीम. वरून बाँब.
मेले: एक्कावन्न.
वाचले: इथं बाईंनी शून्य काढलंय
आणि शून्यात, चुकून असेल,
पेनाचं एक टिंब पडलंय.

काल भाद्याला बोअरमधी मोटर सोडली.
शिवलिंग पाइप जोडतोय, मी मोजतोय,
वीस वीस फुटी. तीस, एकतीस, बत्तीस.
बत्तिसाव्याला हात थांबला.
सहाशे चाळीस.
एवढ्याच खाली जायची ती,
पाण्याच्या दाबानं अंग कुरकुरेपर्यंत.
"मालक, अजून एक?"
म्हटलं, सोड.
दोरी खांबाला बांधली, दोन गाठी जास्तीच्या.
स्टार्टर दाबला.

पाणी वर यायला वेळ लागतो.
तेवढा वेळ सगळे पाइपाच्या तोंडाकडं बघतात,
वावराचा मालक, त्याची पोरं, कुत्रंसुद्धा.
मी गुडघ्यावर बसून केसिंगला कान लावला.
लांब, खाली,
फिरत होती.