वजनकाटा

सप्टेंबरात आमच्याकडे वसंत येतो.
उत्तरेकडचे लोक हसतात. हसू देत.
ह्युऑन नदीच्या वळणावरचं धुकं
दहापर्यंत जागचं हलत नाही,
साडेदहाला मर्ल फाटकावर पाटी टांगते:
पायबस रोपवाटिका. वसंत-प्रदर्शन. कुत्री आणू नयेत.
कुत्री येतातच.

आधी ट्युलिप, मग रोडोडेंड्रॉन.
टोप्या घातलेल्या बायका वाफ्यावाफ्यापाशी थांबून
नावं विचारतात, गाडीत बसेपर्यंत विसरतात,
पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात.
बाबा पुन्हा सांगतात,
जणू त्या फुलाचं बारसं कालच झालंय.

फेब्रुवारीत डेलिया.
डेलियाचं प्रदर्शन म्हणजे शिष्टाचारानं केलेलं भांडण.
परीक्षक फूटपट्टी काढतो
आणि अख्ख्या तंबूत कुणी मोठ्यानं श्वास घेत नाही.
त्याच आठवड्यात, तंबूकडे पाठ करून,
बाबा शेडमागे डोळे भरायला बसतात.
खुंटाची साल चिरायची, उचलायची,
सफरचंदाचा एक डोळा आत सरकवायचा,
फीत गुंडाळायची. पुढचा खुंट.
ऐंशी डोळ्यांना पूर्वी एक सकाळ पुरायची.
यंदा तीन लागल्या.
मी फीत कापून देत राहिले,
लहान लहान तुकडे, गरजेपेक्षा जास्त.

एप्रिलात सुगीचा मेळा:
पेंढ्याचे गठ्ठे, सफरचंदाच्या रसावर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या,
लेस्टरकाकाचा कोट घातलेलं बुजगावणं
(काका गेले, कोट अजून कामावर आहे),
आणि दुपारी भोपळे.
ट्रेलरवरून, घोंगड्यांत गुंडाळून,
आजाऱ्याला आणावं तसे आणतात.
या एका दिवशी हाती भोपळा येणं ही मोठी गोष्ट.
डिरीनचा तीनशे अकरा किलो भरला.
चार माणसं आणि एक शिवी लागली त्याला चढवायला.

काटा जुना आहे, बंद पडलेल्या पॅकिंग शेडमधला,
पितळी वजन दांडीवर सरकवायचा.
पाहुणे पांगले की बाबा त्यावर आम्हाला चढवत.
बियाण्यांच्या वहीचं शेवटचं पान:
मर्ल, एकोणीस, पुढचा दात पडला.
त्याखाली मी, बावीस, खिशात दगड सापडले.
पुढे मर्लची टिली, सहा वर्षांत सहा नोंदी.
बाबांचं नाव कुठेच नाही.
काटा धरणाऱ्यानं चढायचं नसतं, म्हणायचे.

यंदा टिलीनं त्यांची बाही धरली.
आजोबा, आता तुम्ही.

बाबांनी बूट काढले.
चाकू, सुतळी, फितीचं रीळ
एकेक करून गठ्ठ्यावर ठेवलं.
मग चढले, मोज्यांतल्या पायांनी,
हात बाजूला सोडून, शाळेतल्या फोटोला उभे राहतात तसे.
मी वजन सरकवलं
मागच्या डॉक्टरी कागदावरच्या आकड्यापाशी.
दांडी उठेना.
डावीकडे सरकवलं.
अजून डावीकडे.
मर्ल रिकाम्या पेट्या मोजायला लागली, मोठ्यानं, चुकत.

किती भरले? टिलीनं विचारलं.
थांब, बाबा म्हणाले,
खाली उतरले, चिखलासकट बूट चढवले,
चाकू खिशात, सुतळी खिशात, रीळ खिशात,
पुन्हा चढले.
दांडी जराशी हलली, तरंगली.
हां, म्हणाले, हे लिही.

मी लिहिलं.
पेन्सिल बोथट होती, आकडा जाड उमटला.
टिलीनं शेजारी आपल्या हातानं जोडलं: बूट धरून.

पलीकडे डिरीन विजेत्या भोपळ्याला
घोंगडी पांघरत होता, रात्री दहिवर पडतं म्हणून.
शेडमागे ऐंशी डोळे
फितीखाली मिटलेले.
किती लागले ते सप्टेंबरात कळेल.