तिसऱ्या आठवड्याचं कार्ड

जानेवारीत ग्डिनियात साडेतीनलाच दिवे लागतात.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत
रेडिएटरवर आमचे ओले हातमोजे,
आणि बोगुमिला, तीस वर्षं बाळंतपणं केलेली सुईण,
पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसत होती.
श्वासाचं मागच्या मंगळवारी झालं, म्हणाली.
आज नाटक.
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

झ्बिश्कोला सासू मिळाली. तो खूश.
बायकोचा स्कार्फ डोक्याला गुंडाळून
नसलेलं सूपाचं पातेलं घेऊन आला:
"आम्ही नाही बाई अशा पडून राहिलो!
चौथ्या दिवशी बटाटे काढायला शेतात!"
हसून हसून एकीला कळ आल्यासारखं झालं,
पाणी द्यावं लागलं.

मला मिळाला नवरा.
आणि वितोल्डला, माझ्या नवऱ्याला:
ओली बाळंतीण. तिसरा आठवडा. पहाटेचे तीन.

वितोल्ड गोदीत जहाजं जोडतो.
मनगटांवर ठिणग्यांचे बारीक डाग.
त्या हातांत तांदूळ भरलेली कापडी बाहुली,
साडेतीन किलो, मान लुळी,
एका डोळ्याला बटण, दुसऱ्याला नुसता दोरा.
दुसऱ्याची छत्री धरून उभं राहावं
तसा तो तिला धरून उभा.

मी माझं वाक्य म्हटलं:
"काय झालंय तुला? सगळं तर नीट आहे."
पाठ करावं लागलं नाही.
सूरसुद्धा आयता सापडला,
माझ्या वडिलांचा, वर्तमानपत्रामागून येणारा.

त्याचं उत्तर कार्डावर छापलेलं होतं:
"मी ठीक आहे. जरा थकलेय."
त्याने ते वाचलं.
मग कार्ड उलटून पाहिलं. मागे कोरं.
आमच्या भाषेत बाईचं बोलणं क्रियापदातच कळतं;
तो अडखळला, पुरुषासारखा सुरू झाला, थांबला,
पुन्हा बाईसारखं म्हणाला:
"ही रडते तेव्हा मला काहीच होत नाही.
काहीच नाही.
तीन आठवडे मी वाट पाहत बसले होते, काहीतरी होईल म्हणून."

झ्बिश्कोने हळूच स्कार्फ काढला.
बोगुमिला टाळ्या वगैरे वाजवत नाही.
तिने विचारलं, आता हिला कोण काय म्हणेल?
कुणालाच सुचेना.
शेवटी ती म्हणाली, चालेल, पुढच्या मंगळवारी सुचवून या.

ट्रॉलीबसमध्ये, कॅथलिक शाळेचा स्टॉप गेल्यावर,
वितोल्ड खिडकीकडे बघत म्हणाला:
मारेकच्या वेळी आई वर्षभर
शिलाई मशीनपाशी बसून असायची.
दोरा ओवलेला. पायडलवर पाय.
शिवायची नाही.
आम्हाला वाटायचं, काम करतेय.

कालिना मार्चमध्ये झाली.

मला काही झालं नव्हतं. खरंच.
फक्त एकदा तिचे मोजे वाळत घालताना
किती वेळ गेला ते कळलं नाही,
आणि दोरीवर मोजा एकच होता.
रात्री तो उठून आला. मी म्हणाले,
मी ठीक आहे, जरा थकलेय.

शब्द न् शब्द तेच. मला आठवलंही नव्हतं.
त्याने मुलीला माझ्याकडून घेतलं,
या वेळी छत्रीसारखं नाही,
आणि स्टुलावर बसला.
"कार्ड उलटं कर," म्हणाला.

मागे काही लिहिलेलं नव्हतं, तुम्हाला माहीतच आहे.
तरी बराच वेळ लागला.
मध्ये केटल उकळून बंद पडली, कुणी उठलं नाही.
सात वाजता त्याने बोगुमिलाला फोन लावला,
तिचा आवाज झोपेतला, जाडाभरडा:
"तिसरा आठवडा का?
येते. सूप नाही आणणार."