घास

चौथी गोळी, आणि पुन्हा तेच.
नाक वर करून उतारावरच अडली.
स्लाइड अर्धी उघडी,
भरल्या तोंडी कुणी नाव विचारावं तशी.

ब्यूटच्या बाहेर, बंद खाणीच्या खड्ड्यात
वारा कागदी निशाण फडफडवतो.
ऑरिन पेट्रिच मॅगझिन काढतो,
अडलेली गोळी झटकतो,
रिकाम्या चेंबरमध्ये करंगळी घालून बघतो.
"नवं आहे, आयली. स्प्रिंग कडक आहे.
दोनशे तरी गिळू दे त्याला."
दोनशे कुणाच्या पगारातून, ते सांगत नाही.

कारखान्याची चिकट ग्रीस पुसली. तेलाचे चार थेंब.
दुसरं मॅगझिन. गोल नाकाच्या गोळ्या.
सात सुटल्या, आठवी अडली.

मग त्यानेच झाडल्या.
दहाच्या दहा.
पितळी टरफलं बर्फात चुर्र करून विझली.
तो पिस्तुलाकडे नाही,
माझ्या मनगटाकडे बघत होता.
"हात सैल असला की सगळंच मागे सरकतं.
स्लाइडला रेटा द्यायला काही उरत नाही."

हे मला कुणी शिकवायला नको.
रेइनोचं अर्धं अंग गेल्यापासून
रोज चमच्याने भरवते त्याला.
हनुवटीखालचा हात ढळला
की लापशी गालातच थांबते,
आणि तो बघत राहतो,
चूक कुणाची ते ठाऊक असल्यासारखा.

घट्ट धरलं.
पाच. सहा. आठ. नऊ.
दहावी अडली.

ऑरिनने ती तळहातावर घेतली,
उलटसुलट केली.
"ही मात्र त्याची," म्हणाला, "तुझी नाही."

उगाचच बरं वाटलं.