टंच

राजारामपुरी, सातवी गल्ली. सकाळचे सव्वासात.
हुपरीच्या पहिल्या एसटीनं आलेले भूपाल गाट
बाही वर सारतात, न सांगता मूठ वळतात.
बोटांच्या पेरांत काळपट चांदी,
चाळीस वर्षांत कुठल्याच साबणाला न निघालेली.

‘एवढ्याशानं कळतं?’
जांभळ्या झाकणाची नळी बघून पहिल्या दिवशी विचारलं,
मग स्वतःच म्हणाले,
‘कळतंय की. आमीबी लगडीचा कोपरा खरवडतो
आन् सांगतो समद्या लगडीचा टंच.’

मानेला एक गाठ, काखेत दोन.
तुकडा पुण्याला जाऊन आला. स्कॅनची तारीख पुढची.
माझ्या हातात फक्त अडीचशे रुपयांचा सीबीसी,
तापात करतात तो, नोकरीला लागताना करतात तो,
सुनेला दिवस गेले की करतात तोच.
यंत्र मिनिटभर गुरगुरतं, कागद सोडतं.

कुणी सांगितलेलं नसतं, तरी मी भागाकार करते.
न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट.
पाच पूर्णांक आठ.
हिमोग्लोबिन नऊ. अल्ब्युमिन खाली, एलडीएच वर.
याच जातीतली एक पेशी वाट चुकली
आणि तिच्याच भावंडांची शिरगणती करून
मी विचारते, घरचं कसं चाललंय.

डॉक्टर इंगवले रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीनं तोच आकडा मांडतात.
एकदा म्हणाले, ‘यावरून शंभरांचं सांगता येतं. एकाचं नाही.’
पण या खुर्चीत शंभर जण कधी बसलेच नाहीत.

कागल आगाराच्या एका कंडक्टरचाही पाच पूर्णांक आठच होता.
दिवाळीला ते नव्हते.
वडणग्याच्या शिवणवाल्या बाईंचा तर सात;
परवा मला ब्लाउज देऊन गेल्या.
गळा जरा घट्ट झालाय.

‘किती भरला, ताई?’
‘डॉक्टर सांगतील.’
‘आमीबी गिऱ्हाइकाला हेच. मालक सांगतील.’
हसताना त्यांची मान एका बाजूला अडते.
‘मुशीत घातलं की घट आलीच. किती धरायची, तेवढं बोला.’

तिसऱ्या केमोनंतर टोपी घालून आले.
तीन पूर्णांक एक.
मी स्लाइड रंगवून हातानं पुन्हा मोजल्या.
तीन पूर्णांक एकच.
सांगितलं नाही. तोंडावर दिसलं असावं.
‘टंच म्हंजे भाव न्हवं,’ ते म्हणाले,
‘भाव बाजार उघडल्यावर.’

कापसावर अंगठा दाबून दारापर्यंत गेले, वळले.
‘उरलेल्याचं काय करता?’
‘टाकून देतो.’
‘आमी खरवड साठवतो. साल संपताना
एखादं जोडवं निघतंय त्यातनं.’

नियम सात दिवसांचा.
आज नववा. फ्रिजमध्ये, मागच्या रांगेत,
गाटांची नळी.