चावीवाल्याची झारी

तीस वर्षं खांद्यावर नळाची लोखंडी चावी वाहिली,
आता हातात झारी आहे.
वजन सारखंच म्हणा.
ही भरली की जड होते,
ती पाणी नसलं की जड व्हायची.

शेंगतेलाच्या डब्याचा पत्रा.
कन्ना चौकामागं मैनुद्दीननं कापला, ठोकला, डाख मारला.
तोटीला चाळणी बसवताना विचारलं,
"भोकं किती पाडू, इरण्णा मामा?"
मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.
किती, कुठं, किती वेळ, सगळं वरून यायचं.
"पाड की," म्हटलं, "मोजू नको."
त्यानं मोजलीच. एक्केचाळीस.

पाचव्या दिवशी, पहाटे तीनला
मी चावी फिरवायचो.
खालच्या गल्लीत घागरी वाजायच्या,
टेकावरचे नळ नुसते सुस्कारत.
टेकावरची अंबुबाई येमूल दारात उभी राहून
सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणायची,
"आला बघा झारीतला शुक्राचार्य!"
व्हॉल्व्हला अठरा आटे.
मी चौदावर थांबायचो.
ऑर्डर होती.

एकदाच फिरवले अठरा.
अंबुबाईची लेक बाळंत झाली होती त्या रात्री.
टेकावर पाणी चढलं, पिंपं भरली,
कुणीतरी मला चहासुद्धा दिला.
खालच्या गल्लीत त्याच पहाटे मयत होती
आणि आंघोळीला पाणी नव्हतं.
हे मला दोन दिवसांनी कळलं.
अजून कळतंच आहे.

आता विडी घरकुलात गच्चीवर सात डबे:
कढीपत्ता, दोन तुळशी, एक रुसलेलं लिंबू,
कोरफड, जिला माझी गरज नाही,
मिरची, आणि दाराशी मोगरा.
शेजारी कोण, तर अंबुबाई.
तेंदूची पानं भिजवलेलं तांबूस पाणी
ती फेकत नाही, बादली सरकवते,
"घे, शुक्राचार्या."
आम्ही दोघंही आता हसत नाही त्यावर,
ते माझं नावच झालंय.

तिची बादली पुरत नाही, मग बोअरचं.
खारं पाणी. महिन्याभरात
चाळणीवर पांढरी पुटं चढतात,
एक्केचाळिसातली नऊ-दहा भोकं मिटतात.
मी बायकोचं गोधडीचं दाभण घेऊन बसतो,
एकेक टोचतो.
त्याचा डोळा दर्भाच्या काडीनं गेला म्हणे.
माझ्या उजव्यात मोतीबिंदू आहे,
काडीची वाट न बघता आलेला.

मे महिना. सहा वाजले तरी पत्रा चटका देतो.
पूर्वी दाराशी सुरू करायचो,
लिंबापर्यंत पोचता पोचता झारी रिकामी.
आता आधी कोपऱ्यातल्या लिंबाकडं जातो,
मग मिरची, तुळशी, कढीपत्ता, उलट्या वाटेनं.
मोगऱ्याशी येतो तेव्हा
तोटीत जेमतेम काहीतरी खुळखुळतं.
झारी पूर्ण उलटी करतो,
बुडावर थाप मारतो.

पाच थेंब.
मोगरा काही बोलत नाही.
बोलला तरी
मला नावानं हाक मारेल असं नाही.