वंशावळीचं वाचन

अवसेच्या भरतीला बोस्त्यांवने
मानशीच्या दाराला खुंटी मारून ते उघडं ठेवलं,
जाळ्यात चार टोपल्या जास्त याव्यात म्हणून.
पहाटे माझ्या पोटरीएवढ्या भातात
मासे फिरत होते, अगदी घरच्यासारखे.

त्यानंतर सोळा दिवस
मी एकच काम मन लावून केलं:
राग राखला.
लोक गुरं राखतात तसा.
सकाळी सोडायचा, दुपारी पाणी दाखवायचं,
तिन्हीसांजेला दाव्याला बांधायचा.
चांगला पोसला होता. अंगावर तुकतुकी आली होती.

मोंती सायबिणीच्या फेस्ताला इगर्जेत गेलो
ते काही भक्तीने नाही.
नातीच्या परडीत तेरड्याची फुलं होती
आणि वाटेतला व्हाळ तिला एकटीने ओलांडवत नाही.
शेवटच्या बाकावर बसलो.
उजवा गुडघा वाकत नाही म्हणून मागे बसतो, असं मी सांगतो.
कारण सांगायला गुडघा बरा पडतो.

पाद्री कायतान वाचू लागले.
नावं. नुसती नावं.
अब्राहामापासून इसहाक, इसहाकापासून याकोब...
तलाठ्याने एक-चौदाचा उतारा वाचावा तसा आवाज.
वरचा पंखा कुरकुरत होता.
फेलिसियाना माय माळेचे मणी सोडून जांभया मोजत होती.
मलाही डुलकी लागणार, एवढ्यात:
दाविदापासून शलमोन, उरियाच्या बायकोला झालेला.

उरिया?
त्याला तर राजाने लढाईच्या तोंडी उभं करून मारवलं,
त्याची बायको हवी होती म्हणून.
ह्या घराण्याचा तो कुणीही नाही.
तरी यादीत बसलाय, बाईचं नाव नाही, त्याचंच आहे,
आणि दर वर्षी ह्या दिवशी
फुलं घेतलेल्या पोरांसमोर मोठ्याने वाचला जातो.
कुणाला खोडता आलं असतं. खोडलं नाही.

म्हणजे तिथलाही बांध फुटला होता.
खारं पाणी आत शिरलं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं,
आणि पिढ्या त्याच जमिनीतून पुढे उगवत गेल्या,
आहाज, मनश्शे, एकेक नग,
शेवटी ती मुलगी,
जिच्या वाढदिवसाला माझी नात
तेरडा उधळायला टाचा उंचावून उभी होती.

"एकमेकांना शांती द्या," पाद्री म्हणाले.
हजारदा ऐकलंय. मान हलवायची, बोटं टेकवायची.
वळलो, तर मागे खांबाला टेकून बोस्त्यांव.
मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं.
घरी आजारी मूल असतं, डोक्यावर कर्ज असतं,
तर मला सोपं गेलं असतं.
तसलं काही नाही. नवी स्कूटर आहे, दोन बोकड आहेत.
त्याला मासे हवे होते, बस्स.

हात पुढे आला. ओलसर, जाळ्याने कापलेला.
"शांती," तो म्हणाला.
मी काहीच म्हणालो नाही.
पण हात लगेच सोडला नाही, हेही खरं.

परतताना नातीला मानस दाखवली.
सांगितलं, हे दार म्हणजे भिंत नव्हे.
भरती आली की मिटतं,
ओहोटीला आतलं तुंबलेलं बाहेर सोडतं.
नदी काही कमी होत नाही त्याने.
ती म्हणाली, "मग रात्री त्याला झोप कधी?"
मला उत्तर आलं नाही. मी आतल्या कडेवरचं शेवाळ खरवडलं.

जमिनीतलं मीठ धुवायला तीन पावसाळे लागतील.
बियाण्याचं कोरगूट सासष्टीहून आणावं लागेल.
ह्यातलं काहीएक बदललेलं नाही.

त्या तिन्हीसांजेला राग उशिरा आला.
दारात उभा राहिला, जरा हडकलेला.
मी बघितलं त्याच्याकडे.
दावं खुंटीलाच होतं.
बांधला नाही.