झिजणारे भाग

पवईचा उतार उतरताना
गाडी पहिल्यांदा बोलली.
किर्र नव्हे, खर्र नव्हे,
फळ्यावर नख ओढावं तसं काहीतरी.
सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने
मान बाहेर काढून निदान केलं:
"मॅडम, पॅड गेले. आता डिस्क खाईल."

गाडी दोन वर्षं चार महिन्यांची.
हप्ते अजून एकतीस.
वॉरंटी तीन वर्षांची,
तिची पुस्तिका मी विम्याच्या कागदांशेजारी
साडीच्या दुकानाच्या पिशवीत जपलेली.

सर्व्हिस सेंटरला काचा, गारवा,
मशीनची कॉफी आणि निनाद गोलतकर,
ज्याच्या गळ्यातलं ओळखपत्र कायम उलटं.
त्याने कागद माझ्याकडे फिरवला:
पॅड चार हजार आठशे, मजुरी चौदाशे,
साफसफाई म्हणून साडेसहाशे,
वर जीएसटी.
"वॉरंटीत आहे ना?"
"पॅड नाही येत. झिजणारे भाग."
"मग बाहेरून बसवते."
"मग वॉरंटी जाईल, मॅडम."

म्हणजे ज्याला हे आपल्यात धरत नाहीत
त्याला दुसऱ्याने हात लावला
की सगळं घर बाटतं.

एकवीस वर्षं मी भांडुपच्या पतपेढीत
लोकांना बारीक अक्षरं वाचून दाखवते.
तिथेच सोफ्यावर बसून चष्मा बदलला.
पान त्रेचाळीस.
वायपर, बल्ब, क्लचप्लेट, पॅड, सगळी झिजणारी जमात एका ओळीत,
आणि खाली मुंगीच्या अक्षरात:
बाहेरील कामामुळे बिघाड झाल्यास
तेवढ्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नाही.

तेवढ्या.

मी त्या शब्दावर बोट ठेवलं,
थकलेल्या जामीनदाराच्या सहीवर ठेवते तसं.
"सगळी वॉरंटी जाईल असं लिहून द्या. सही, शिक्का."
निनादने ओळखपत्र सुलटं केलं,
पुन्हा उलटं केलं.
केबिनकडे पाहिलं.
मग माझंच पेन मागून
कॉफीच्या टिश्यूवर एक नंबर लिहिला,
आठ आकडे, दोन अक्षरं,
आणि हळूच म्हणाला, "कुर्ला. सीएसटी रोड."
लिहून दिलं ते एवढंच.

मुर्तझाभाईंच्या दुकानात
छताला टांगलेले सायलेन्सर, खाली अत्तराचा वास.
त्यांनी टिश्यू दिव्यासमोर धरला,
माळ्यावरच्या पोराला हाक दिली.
"बनवणारा तोच. डबा वेगळा.
कंपनीच्या डब्याचे दोन हजार जास्त."
"पक्कं बिल द्या."
"टॅक्स लागेल, बेन."
"लागू दे. नंबरही लिहा त्यावर."
जगात स्वस्त खूप काही मिळतं,
पण पुरावा असलेलं स्वस्त
दोन तास उभं राहून घ्यावं लागतं.

बावतीस डाबरेने चाक उतरवलं,
जुना पॅड माझ्या तळहातावर ठेवला.
बोटाएवढा जाड असायचा, म्हणे;
आता चतकोर पापडाइतका.
अजून कोमट होता.
चंदनासारखं झिजावं, असं शाळेच्या भिंतीवर होतं.
ब्रेक पॅडसारखं झिजावं, असं कुणी लिहीत नाही,
वास नसेल म्हणून.
त्याच्या वाट्याला तर नुसतं काळं पीठ,
जे चाकावर दिसलं
की आपण ओल्या फडक्याने पुसतो.

मजुरी साडेतीनशे.
"दोनशे किलोमीटर जोरात दाबू नका," बावतीस म्हणाला,
"नवीन आहेत, ओळख होऊ दे दोघांची."

पिशवीत आता पुस्तिका,
पक्कं बिल,
आणि तपकिरी गोल डाग पडलेला टिश्यू.
त्याचा कायद्याला उपयोग शून्य.
टाकवत नाही.

काल पुन्हा पवईचा उतार.
रेडिओ बंद केला, काच खाली घेतली,
पाय हलकेच ठेवला.
काही नाही.
मागच्या टेम्पोने हॉर्न मारला
इतक्या हळू मी ऐकत होते.